मुलांच्या अभ्यासाचं टेबल घरी करायचंय: खानापूरच्या पावसात लाकूड टिकेल की प्लाय?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. घर खानापुरात (बेळगाव जिल्हा), भिंती चिऱ्याच्या म्हणजे जांभा दगडाच्या, वर कौलं. पोरं दोन, एक 7 वर्षांचं, दुसरं 11 वर्षांचं. दोघांना शेजारी-शेजारी बसता येईल असं 5 फूट बाय 2 फुटाचं टेबल आणि वर पुस्तकांच्या दोन फळ्या करायच्या आहेत. करवत, रंधा, पटाश्या, ड्रिल आणि 7 इंची सर्क्युलर सॉ आहे. प्रश्न तीन:
1. अख्खं सागवानी करावं की प्लाय?
2. उंची किती ठेवावी?
3. वखारीत मत्ती, होन्ने, नंदी अशी नावं सांगतात. यातलं काय घ्यावं?

रंधा_पटाशी
आधी पहिला प्रश्न, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे लाकडाचा खरा शत्रू वाळवी नाही, हवा आहे. जुलै-ऑगस्टात खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात घरातली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत लाकडातला ओलावा हळूहळू 16-17 टक्क्यांकडे जातो. मार्च-एप्रिलात हवा कोरडी पडली की तेच लाकूड 9-10 टक्क्यांवर येतं. दरवर्षी हा फेरा चालूच.

लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. साधा चिरलेला साग ओलाव्याच्या प्रत्येक 1 टक्क्यामागे रुंदीच्या सुमारे 0.19 टक्के फुगतो किंवा आकसतो. तुमचं टेबल 600 मिमी रुंद आहे. ओलावा 6 टक्क्यांनी बदलला तर 600 × 0.0019 × 6, म्हणजे जवळपास 7 मिमी. साग हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी, त्याची ही गत. बाकीची बरीच लाकडं यापेक्षा जास्त हलतात. हा 7 मिमी खिळे, स्क्रू, फेविकॉल यांनी रोखता येत नाही. फळी घट्ट जखडली तर ती पावसाळ्यात फुगून सांधा उचकटते, नाहीतर उन्हाळ्यात मधोमध चिरते.

म्हणून सरळ सांगतो: पाय आणि चौकट लाकडाची, वरचा रुंद पत्ता (टेबलाची सपाट फळी) प्लायचा आणि त्याच्या चारी कडांना सागाची पट्टी. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असतात, त्यामुळे ती रुंदीला हलत नाही म्हटलं तरी चालेल. चौकटीतली लाकडं 2-3 इंच रुंद, त्यांचं फुगणं एक मिमीच्या आत राहतं आणि सांधा ते सहन करतो.

निपाणकर
वरच्याशी सहमत, एक भर घालतो. निपाणी, चिकोडी, अथणी हा कोरडा पट्टा. खानापुरात ऑगस्टमध्ये केलेलं भरीव लाकडाचं काम अथणीला नेलं तर पहिल्याच उन्हाळ्यात फटी पडतात. पाहुण्यांसाठी वस्तू करून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. काम कुठल्या महिन्यात केलं आणि वस्तू कुठे राहणार, दोन्ही बघूनच फट सोडायची. खोबणीत बसणारं 300 मिमी रुंद सागाचं पॅनेल एप्रिलमध्ये बसवत असाल तर रुंदीत मिळून 4 मिमी जागा सोडा. तेच ऑगस्टमध्ये करत असाल तर 1 मिमी पुरे, कारण ते तेव्हा फुगलेलंच असतं. पॅनेलला खोबणीत कधीच डिंक लावू नका, मोकळं राहू द्या.

जुई_टिळकवाडी
उंचीचं सांगते. बाजारातलं टेबल 750 मिमी उंच असतं, ते मोठ्या माणसाच्या मापाचं. मुलाच्या वयावर जाऊ नका, त्याची उंची मोजा:
- साधारण 120 सेंमीपर्यंत: टेबल 530 मिमी, खुर्चीची बैठक 310
- 120 ते 140 सेंमी: टेबल 590, बैठक 350
- 135 ते 155 सेंमी: टेबल 640, बैठक 380
- 150 ते 175 सेंमी: टेबल 710, बैठक 430

मापं एकमेकांत थोडी शिरतात, ते बरोबरच आहे. दोघांना एकच टेबल असेल तर मोठ्याच्या मापाने करा, 640. धाकट्यासाठी खुर्ची उंच घ्या आणि पायाखाली फळी द्या. पाय लोंबकळत राहिले की मूल पुढे सरकून कडेवर बसतं आणि पाठ वाकते. मोठ्याच्या मापाच्या टेबलाला धाकट्यासाठी पायफळी लावता येते. धाकट्याच्या मापाने केलेलं टेबल मात्र दोन वर्षांत मोठ्याला निरुपयोगी.

पुढे टेबल उंच करायचं असेल तर पायांच्या तळाला आत्ताच मधोमध 10 मिमीचं भोक 50 मिमी खोल पाडून ठेवा. नंतर 70 मिमीचा लाकडी ठोकळा खुंटीने जोडला की 710 होतं.

बिबला
नावांचा गोंधळ सोडवतो, आपल्या सीमाभागात हा सगळ्यांनाच नडतो. वखारीत कन्नड नावं चालतात:
- तेग किंवा सागवानी = साग
- मत्ती = ऐन
- होन्ने = बिबला
- नंदी = नाणा
- बीटे = शिसम
- हलसु = फणस

तुमच्या कामाला साग नाहीतर फणस. मत्ती जड आणि चिवट. तुळईला, चौकटीला चांगली, पण वाळताना चिरते, पीळ घेते आणि हाताच्या रंध्याला दाद देत नाही. नवख्याने टेबलासाठी घेऊ नये. होन्ने दिसायला सुंदर आणि टिकाऊ, पण ओलं असेल तर त्याचा पिवळा-तांबूस रंग पाण्याने सुटतो आणि वह्या-कपड्यांना लागतो. घ्यायचंच असेल तर आधी पॉलिशने बंद करा. नंदी मधलं आहे, दाराच्या चौकटीला लोक वापरतात. फणस रंध्याला मऊ जातो, पिवळा असतो, काही वर्षांत तपकिरी होतो. त्याचा गाभा वाळवीला बऱ्यापैकी तोंड देतो. फक्त बाहेरचा पांढरा भाग काढून टाका, त्यात भुंगा हमखास शिरतो. सागालाही हेच लागू. सागाचा पांढरा भाग हा साधा जळाऊ लाकडाच्याच लायकीचा, नाव सागाचं म्हणून टिकत नाही.

आणि एक. स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला वनखात्याची परवानगी आणि वाहतुकीला पास लागतो. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून नातेवाइकांचं लाकूड आणायचं म्हणाल तर मध्ये राज्याची हद्द येते, कागदाशिवाय गाडीत टाकू नका. वखारीतून कापीव माल घेतला तर पावती जपून ठेवा.

मलप्रभाकाठ
फार उपयोगी माहिती मिळाली. मग सागाची चौकट, वर प्लाय, उंची 640. किती घनफूट लाकूड सांगू? आणि ते वाळलेलं आहे की नाही, हे वखारीत उभं राहून कसं ओळखायचं?

रंधा_पटाशी
हिशेब सोपा आहे. रुंदी इंच × जाडी इंच × लांबी फूट, भागिले 144 = घनफूट.

- पाय 4, 2×2 इंच, सव्वादोन फूट: 0.25
- लांब आडव्या पट्ट्या 2, 3×1 इंच, 5 फूट: 0.21
- आखूड पट्ट्या 3 (दोन टोकांना, एक मधोमध), 3×1, 2 फूट: 0.13
- खालचे आडवे 2, 2×1, 2 फूट आणि मधला लांब 1, 2×1, 5 फूट: 0.13
- प्लायच्या कडेची पट्टी, 1×1, 14 फूट: 0.10

झालं 0.82. गाठी, चिरा, पांढरा भाग यांची घट 25-30 टक्के धरा. म्हणजे 1 घनफुटाच्या थोडं वर सांगा. वखारीतलं 1 इंच रंधा मारून 20-22 मिमी उरतं आणि 2 इंचाचे 45 मिमी होतात. पुढची सगळी मापं त्यावरच आखायची. हे विसरलं की ड्रॉवर बसत नाही.

मधोमधची आडवी पट्टी वगळू नका. 5 फूट लांब 18 मिमी प्लाय मध्ये आधाराशिवाय काही महिन्यांत खाली बसते.

उद्यमबाग_फिटर
वाळल्याची खात्री. पिनांचा मॉइश्चर मीटर असेल तर फळीच्या टोकाला लावू नका, टोक नेहमी जास्त कोरडं दाखवतं. फळीच्या मध्यावर, शक्यतो ताज्या कापलेल्या आडव्या तुकड्यात आत टोचा. 12-13 टक्क्यांपर्यंत चालेल, 16 च्या वर असेल तर घेऊन घरी वाळवा.

मीटर नसेल तर वजनाने काढता येतं आणि ते मीटरपेक्षा खरं येतं. फळीच्या टोकापासून फूटभर आत 1 इंच जाडीचा आडवा काप घ्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, समजा 118 ग्रॅम. 100-105 अंशावर ओव्हनमध्ये ठेवा आणि दर दोन तासांनी वजन करा. वजन घटायचं थांबलं की ते कोरडं वजन, समजा 100 ग्रॅम. मग (118 - 100) भागिले 100, म्हणजे 18 टक्के. ओलं आहे, टेबलाला चालणार नाही.

घरी वाळवायचं तर जमिनीपासून फूटभर वर, सावलीत, वारा खेळेल अशा पडवीत रचा. थरांमध्ये दर 2 फुटांवर 1 इंची पट्ट्या, त्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत. पट्ट्या मागे-पुढे झाल्या की फळ्या त्याच ठिकाणी वाकतात. टोकांना ऑइलपेंटचे दोन हात द्या. टोकातून ओलावा भराभर निघतो आणि चिरा टोकापासूनच सुरू होतात. 1 इंच जाडीला साधारण एक वर्ष लागतं म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे त्यात जमेला धरू नका.

खर्च वाचवायचा तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात यंत्रांच्या सुट्या भागांसोबत आलेली पाइनची खोकी आणि पॅलेट भंगारात मिळतात. शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, गाभ्यापर्यंत 56 अंश 30 मिनिटं. ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूने धुरी दिलेलं, ते पोरांच्या खोलीत आणू नका. शिक्काच नसेल किंवा तेलाचे डाग असतील तर तेही सोडा. सांधे करून हात बसवायला हे लाकूड उत्तम.

शहापूर_पेठ
जुन्या वाड्यांचं मोडीचं सागवान विसरलात की! ते कित्येक वर्षं हलून-हलून स्थिरावलेलं असतं. फक्त दोन काळज्या. लोखंडी खिळे आत तुटून राहतात, त्यामुळे मोठं चुंबक फळीभर फिरवल्याशिवाय रंधा किंवा करवत लावू नका. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, तेही ओळखायला उपयोगी. दुसरी काळजी रंगाची. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाखात 90 भाग) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या दार-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरने काढा, नाकाला मास्क लावा, पोरं जवळ नकोत आणि निघालेला लगदा पिशवीत बांधून टाका.

मलप्रभाकाठ
प्लाय कुठली? दुकानात दहा नावं सांगतात आणि सगळेच 'वॉटरप्रूफ' म्हणतात.

निपाणकर
नाव सोडा, आयएसआय शिक्क्याखालचा आकडा वाचा. आयएस 303 ही सर्वसाधारण प्लाय, त्यात एमआर म्हणजे दमट हवा सोसणारी आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला काही प्रमाणात टिकणारी. आयएस 710 म्हणजे मरीन. खानापूरला चिऱ्याच्या घरात बीडब्ल्यूआरच्या खाली उतरू नका. बेळगावात वरच्या मजल्यावर कोरडी खोली असेल तर एमआर चालून जाते. टेबलाला 710 ची गरज नाही, ती ओट्याखालच्या कपाटाला ठेवा.

8×4 फुटाची 18 मिमी शीट 2440×1220 असते. दुकानातच व्हर्नियरने जाडी मोजा, 18 म्हणून 16 देतात. कड बघा, थरांत पोकळ्या दिसल्या तर तिथे स्क्रू धरणार नाही. शंका असेल तर 4 इंचाचा तुकडा मागा आणि स्वयंपाकाचं नसलेल्या भांड्यात 4 तास उकळा. थर सुटले तर डिंक साधा आहे.

कापताना सर्क्युलर सॉ खालून वर कापतो, म्हणून चांगली बाजू खाली ठेवा. हाताच्या करवतीने उलट, चांगली बाजू वर. रेषेवर मास्किंग टेप लावा म्हणजे कड उडत नाही.

सनमायका लावणार असाल तर खालच्या बाजूलाही पातळ लॅमिनेट लावाच. एकाच बाजूने बंद केलेला पत्ता पावसाळ्यात दुसऱ्या बाजूने ओलावा पितो आणि नावेसारखा वाकतो.

रंधा_पटाशी
आता सांधा. पायात खाच, आडव्या पट्टीला कुसू (खाचेत बसणारी जीभ). स्क्रू आणि लोखंडी एल-पट्टीवर केलेलं टेबल दोन पावसाळ्यांत डुलायला लागतं. ओलं-कोरडं होताना लाकूड स्क्रूच्या आट्यांभोवती दबतं आणि सैल पडतं.

पट्टी 20 मिमी जाड, म्हणून कुसू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, 6-7 मिमी. तुमच्याकडे पाव इंची पटाशी असेल तर 6 मिमीच धरा, खाच पटाशीच्या रुंदीची आपोआप येते. कुसूची लांबी 28 मिमी, खाच 30 मिमी खोल. ते 2 मिमी डिंकासाठी. डिंकाला जागा नसली की कुसू पूर्ण आत बसत नाही आणि ठोकल्यावर पाय फाटतो. पट्टी 70 मिमी रुंद, कुसू 55 मिमीचा करा आणि वरून 15 मिमी सोडा. खाच पायाच्या माथ्यापर्यंत नेली तर माथा उघडा पडून फुटतो. एका पायात दोन बाजूंनी खाचा येतात आणि आत भिडतात, तिथे दोन्ही कुसवांची टोकं 45 अंशात कापा.

आधी खाच, मग कुसू. उलट करू नका. खाच पाडून झाली की कुसू तिच्या मापाने रंधून बारीक करता येतो, खाच बारीक करता येत नाही. हाताच्या दाबाने कुसू अर्ध्यापर्यंत जावा आणि लाकडी हातोडीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी बसावा. मोगरीने हाणावं लागलं तर घट्ट आहे, आपोआप घसरून गेला तर सैल. सैल झालाच तर त्याच लाकडाची पातळ चिप कुसवाला चिकटवा, वाळल्यावर पुन्हा रंधा.

पटाशीला 25 अंशांची धार, टोकाला 30. बोथट पटाशीने खाचेची भिंत तुटते आणि हातही तिनेच कापतात, कारण जोर जास्त लावावा लागतो.

आधी सगळं डिंकाविना जोडून बघा, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच डिंक लावा. पावसाळी हवेत शिकंजे (क्लॅम्प) 24 तास सोडू नका.

जुई_टिळकवाडी
पुस्तकांच्या फळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. गच्च भरलेली पुस्तकं मीटरला 30 किलोपर्यंत भरतात. 18 मिमी प्लायला अडीच फुटांपेक्षा लांब विनाआधार ठेवू नका. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ तर दोन फुटांच्या आत. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंच सागाची पट्टी उभी लावली तर वाक खूप कमी होतो, कारण ताठपणा उभ्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

भिंत चिऱ्याची आहे, हे महत्त्वाचं. जांभ्याला भोकं-भोकं असतात, नेहमीचा 8 मिमीचा प्लास्टिक प्लग त्यात फिरतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, 80-100 मिमी लांब नायलॉन प्लग वापरा आणि दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक नको, जुन्या घरांत तिथे माती असते. त्याहून चांगला उपाय म्हणजे वजन भिंतीवर टाकूच नका. फळ्यांची चौकट टेबलावर उभी करा आणि वरच्या बाजूने फक्त पुढे कोसळू नये म्हणून दोन ठिकाणी भिंतीला बांधा. मागे बोटभर फट ठेवा. पावसाळ्यात चिरा ओल धरतो आणि भिंतीला चिकटलेल्या प्लायला मागून बुरशी येते.

बिबला
पॉलिश थोडक्यात. लाखेचं पॉलिश जुलै-ऑगस्टात करू नका, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. डिसेंबर ते मार्च हा त्याचा हंगाम, लिटरभर स्पिरिटला 120-150 ग्रॅम चपडी लाख. पण अभ्यासाच्या टेबलावर गरम दुधाचा पेला येणारच, लाखेला त्याने डाग पडतो. वरच्या पत्त्याला पीयू (पॉलियुरेथेन), पायांना लाख किंवा जवसाचं तेल. तेलाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात कधीच टाकू नका, वाळताना तो आपोआप तापून पेटतो. पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेरी पसरून वाळवा.

पायांचे तळ सगळे विसरतात. ओल तिथूनच वर चढते. तळाला पीयूचे तीन हात आणि खाली नायलॉनचं बटण.

मलप्रभाकाठ
सगळं वहीत उतरवलं. शेवटचं आखलेलं असं: पायांची लांबी 622, वर 18 ची प्लाय, एकूण 640. आडवी पट्टी 70. एका बाजूला 100 मिमी उंच ड्रॉवर टेलिस्कोपिक चॅनेलवर (बाजूच्या सरकत्या लोखंडी पट्ट्यांवर), आतली मोकळी जागा 450, म्हणून ड्रॉवर 440 रुंद धरला आहे. बरोबर आहे का?

उद्यमबाग_फिटर
ड्रॉवर चुकला. चॅनेलला प्रत्येक बाजूला 13 मिमी लागतात, दोन्ही मिळून 26. 450 मधून 26 वजा, ड्रॉवर बाहेरून 424 हवा. 440 केला तर चॅनेल बसणारच नाही.

जुई_टिळकवाडी
उंचीही तपासा. पट्टी 70 असेल तर खाली 640 - 18 - 70 = 552 उरतात. बैठक 380 ची, म्हणजे मांडीला 172 मिमी, मोकळं बसता येतं. ड्रॉवरपाशी मात्र 640 - 18 - 100 = 522, मांडीला 142 च. धाकट्याची खुर्ची तर याहून उंच असणार, त्याचे गुडघे तिथे घासतील. ड्रॉवर 70 च्या पट्टीच्या उंचीतच बसेल असा 60 मिमी उंच करा, कंपास आणि पट्टीला तेवढा पुरतो. खोल ड्रॉवर हवाच असेल तर टेबलाखाली नको, चाकांवरची वेगळी पेटी करून शेजारी ठेवा.